बरणीतली चिळकांडी

मी एक जुनी चिळकांडी आहे. जुनी म्हणजे दोन वर्षे आणि वर चार महिने. तुमच्यात दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन फिरतात. आमच्यात मात्र हे गोवऱ्या मसणात गेल्याचे वय आहे.

मी समुद्रातला प्राणी आहे, यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. मला पाय नाहीत, डोळे नाहीत, शेपूट नाही. अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, मातकट, सुरकुतलेली, एका आखूड देठावर उभी अशी मी दिसते. कुणी मला कुजका बटाटा म्हणते, कुणी जुन्या चपलेचा तुकडा. मला वरच्या अंगाला दोन तोंडे आहेत. एकाने मी पाणी आत घेते आणि दुसऱ्याने बाहेर सोडते. कुणी बोट लावले की मी अंग आवळते आणि पाण्याची बारीक धार उडते. म्हणून धक्क्यावरच्या माणसांनी आम्हाला चिळकांडी हे नाव ठेवले. शास्त्रज्ञांच्या पुस्तकात आमचे चांगले भारदस्त नाव आहे म्हणतात, पण त्या नावाने मला अजून कुणी हाक मारलेली नाही.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करते. मी भित्री आहे. आणि आज मला नेहमीपेक्षा जास्त भीती वाटते आहे.

मी एका काचेच्या बरणीत राहते. ही बरणी धक्क्यावरच्या शेडमध्ये, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली आहे. परवा शाळेचा एक वर्ग मला बघायला आला होता. जाताना कुणाचा तरी कोपर बरणीला लागला आणि निम्मे पाणी सांडून गेले. कुणाच्या लक्षातही आले नाही. रोज माझे पाणी बदलणाऱ्या तात्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे आणि त्यांना आठ दिवस पायऱ्या उतरायला मनाई आहे. त्यांची सूनबाई काल दिवसभर बाहेर शिंपल्यांच्या तराफ्यावर होती. उरलेल्या पाण्यावर सकाळपासून ऊन येते आहे. माझ्या तोंडावर आता जेमतेम बोटभर पाणी आहे आणि ते कोमट झाले आहे. मी दारावरच्या पावलांकडे लक्ष लावून बसले आहे. पावले वाजेपर्यंत माझी हकीकत सांगते. बोलत राहिले की भीती जरा कमी होते.

माझा जन्म उघड्या पाण्यात झाला. आमच्यात प्रत्येकजण आईही असतो आणि बापही. अंडी पाण्यात सोडली की आईबापांचे काम संपले. मी अंड्यातून बाहेर आले तेव्हा तांदळाच्या कणीपेक्षा लहान होते, पण काय रुबाब होता माझा! मला वळवळणारी शेपटी होती. उजेड कळणारा एक डोळा होता. वर कुठे, खाली कुठे हे सांगणारा एक बारीक खडा डोक्यात होता, आणि डोक्यात चक्क मेंदू होता. पाठीतून एक लवचीक दोरी गेली होती. तुम्ही आईच्या पोटात असताना तुमच्या पाठीतही सुरुवातीला अशीच दोरी असते आणि तिच्याभोवती पुढे तुमचा कणा तयार होतो. म्हणजे खेकडा आणि शिंपला यांच्यापेक्षा मी तुमची जवळची नातेवाईक आहे. लग्नकार्यात बोलावू नका, पण ओळख ठेवा.

एवढे सगळे होते, पण तोंड उघडत नव्हते. लहानपणी आम्हाला खाता येत नाही. अंगात जेवढी शिदोरी असते तेवढ्यावर पोहायचे आणि ती संपायच्या आत बसायला जागा शोधायची. फार तर एक दिवस मिळतो. जागा मिळाली तर आयुष्य मिळाले, नाहीतर पाण्यात विरून जायचे.

तो दिवस मी कधी विसरणार नाही. आम्ही हजारो निघालो होतो. चारी बाजूंनी तोंडे उघडी होती. शेजारची बहीण आत्ता होती आणि आत्ता नव्हती, असे कितीदा झाले. मला सावली हवी होती, म्हणून मी एका बोटीच्या तळाकडे गेले. तळ लाल रंगाचा होता. माझ्या पुढे गेलेल्या तिघीजणी त्याला टेकल्या आणि तशाच गळून खाली पडल्या. त्या रंगात आमच्यासाठीच विष घातलेले असते, हे मला पुढे कळले. तेव्हा एवढेच कळले की इथून पळायचे. शेपटीत होते नव्हते तेवढे बळ एकवटून मी पळाले. माझ्या आयुष्यात मी पळाले ती तेवढीच वेळ.

शेवटी एक दोर लागला. जाड, हिरवट, शिंपल्यांनी लगडलेला, वर तराफ्याला बांधलेला आणि खाली काळोखात गेलेला. दोराला एके ठिकाणी मोठी गाठ होती. त्या गाठीच्या कुशीत मी माझे कपाळ टेकवले. आमच्या कपाळावर तीन चिकट टेंगळे असतात. ती एकदा चिकटली की संपले. पुन्हा उठून दुसरीकडे जायची सोय नाही.

मग जे झाले ते ऐकून तुम्हाला हसू येईल. मी डोक्यावर उभी राहिले आणि स्वतःलाच जिरवायला लागले. आधी शेपटी गेली. मग पाठीतली दोरी गेली. मग डोळा, मग तो खडा आणि मग मेंदूही. फक्त दोन तोंडांच्या मध्ये मज्जातंतूंची एक मोहरीएवढी गाठ राहिली. तुम्ही विचाराल, मेंदू पचवून बसलीस तर हे सगळे सांगतेस कशी? मित्रांनो, बाकीचे विसरते, पण भीती सगळ्या अंगात राहते. आणि जे मला कळले नाही ते सूनबाई येणाऱ्या प्रत्येक वर्गाला सांगते. ते ऐकून ऐकून माझे पाठ झाले आहे.

मेंदूच्या बदल्यात मला एक टोपली मिळाली. माझ्या पोटात बारीक फटींची एक टोपली आहे आणि तिला आतून शेंबडाचे पातळ जाळे आहे. पाणी आत येते, त्यातले डोळ्यांना न दिसणारे दाणे जाळ्यात अडकतात, ते मी खाते आणि चाळलेले पाणी बाहेर सोडते. दिवसाकाठी बादलीभर पाणी मी गाळते. अंगावर मी स्वतः विणलेला अंगरखा आहे. तुमच्या सुती सदऱ्यात जो पदार्थ असतो, तोच त्यात आहे. तो झाडे तयार करतात. प्राण्यांमध्ये मात्र आमच्याच घराण्याला ही विद्या येते.

आणि मला हृदय आहे. ते फार विचित्र आहे. शंभरेक ठोके ते रक्त एका बाजूला ढकलते, मग थांबते आणि नंतर उलट्या बाजूला ढकलायला लागते. सगळ्या चिळकांड्यांचे असेच असते. पण त्या थांबण्याची मला आजवर सवय झालेली नाही. दर वेळी वाटते, आता हे पुन्हा चालू होणार नाही.

दोरावरची वस्ती मोठी होती. माझ्यासारख्या एकेकट्या होत्याच. काचेसारख्या पारदर्शक होत्या, त्यांनी काय खाल्ले ते बाहेरून दिसे. त्यामुळे त्यांच्यात काही लपून राहत नसे. लाल मण्यांसारख्या होत्या. ताऱ्यांची वस्तीही होती. त्यात दहाबारा बारक्या बहिणी फुलाच्या पाकळ्यांसारख्या गोल बसतात, पाणी घ्यायला प्रत्येकीचे तोंड वेगळे, सोडायचे दार मात्र सगळ्यांचे एक. अशा दोन वस्त्या वाढत वाढत एकमेकींना भिडल्या की आधी नाते तपासतात. रक्ताचे निघाले तर मिळून एक होतात, आणि नाही निघाले तर मध्ये मेलेली काळी रेघ उमटेपर्यंत भांडतात. भाऊबंदकी काही तुम्हीच शोधून काढलेली नाही. खोल समुद्रातल्या आमच्या एका जातीचे तोंड एवढे मोठे असते की ती त्यात जिवंत शिकार पकडते, असे सूनबाई सांगते. ते ऐकून मी नेहमी आवळून घेते. नातेवाईक असली तरी.

सगळ्यांत मला भीती वाटायची ती पांढऱ्या सायीची. तीही आमच्यातलीच. दुधावरच्या सायीसारखी ती पसरते आणि जे समोर येईल त्याच्यावरून जाते. शिंपल्यावरून, दोरावरून, आमच्यावरूनही. ती या पाण्यातली नव्हती. कुठल्यातरी जहाजाच्या तळाला चिकटून आली होती. मी गाठीच्या कुशीत होते म्हणून वाचले. शेजारी एक काचेची चिळकांडी होती, तिच्यावरून साय गेली तेव्हा तिची दोन तोंडे शेवटपर्यंत उघडझाप करत होती. मला तोंड फिरवायलाही मान नव्हती.

खेकडा आला, आवळून घेतले. तारामासा आला, आवळून घेतले. तुम्ही घाबरलात की पळता, ओरडता, आईला बिलगता. मी घाबरले की फक्त आवळते. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, काय शांत प्राणी आहे!

आता माणसांविषयी सांगते. तो तराफा तात्यांचा होता. शिंपल्यांची शेती त्यांच्या वडिलांनी सुरू केली आणि तात्यांनी चाळीस वर्षे चालवली. तात्यांचा मुलगा तराफ्याखाली बुडी मारून दोर तपासायचा. त्याला सगळे पाणबुड्या म्हणत. लग्नाआधी सूनबाई पाणी तपासायच्या ऑफिसात कामाला होती. तिच्या गळ्यात दोरीला बांधलेले भिंग असे आणि दिसेल त्या गोष्टीवर ती ते धरून बघे.

दर दोन महिन्यांनी दोर वर ओढून खरवडत. शिंपल्यांमध्ये बसलेले आमच्यासारखे बिनबोलावलेले पाहुणे बोथट सुरीने काढून टाकायचे. तो खर्र खर्र आवाज दोरातून खालपर्यंत येई आणि सगळी वस्ती एकदम आवळून घेई. पहिल्यांदा माझा दोर वर गेला तेव्हा मला हवा म्हणजे काय ते कळले. सुरी गाठीपाशी आली. मी जीव खाऊन अंग आवळले आणि धार उडाली ती नेमकी तात्यांच्या मिशीवर.

तात्या खळाळून हसले. "बघ रे, शिव्या देतेय मला!" ते मुलाला म्हणाले. मिशी पुसली आणि गाठ सोडून पुढे गेले. दमून गेले होते म्हणा किंवा हसू आले म्हणून म्हणा, मी राहिले.

खरवडलेला सगळा ढीग ते दोन्ही हातांनी उचलत आणि पाण्यात सोडत. टाकत नसत, अगदी ओणवे होऊन अलगद सोडत. प्रत्येक ओंजळीला म्हणत, "समुद्राचं समुद्राला." ही त्यांच्या वडिलांची रीत होती. समुद्रातून आपले तेवढे घ्यायचे आणि बाकीचे त्याला परत करायचे. तराफ्यावर कामाला येणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच शिकवत.

ऐकायला किती चांगले वाटते! मलाही वाटले होते. पण खाली काय होत होते ते मला कळत होते. एकेकट्या तळाला जाऊन मरत. ताऱ्यांचे आणि पांढऱ्या सायीचे मात्र जेवढे तुकडे, तेवढ्या नव्या वस्त्या. नखाएवढा तुकडा तरंगत जाई, शेजारच्या दोराला लागे आणि पंधरा दिवसांत तळहाताएवढा होई. तात्यांची ओंजळ जितकी मोठी, तितकी साय जास्त. वर्षभरात दोर असे फुगले की खालचे शिंपले दिसेनासे झाले. त्यांना खायला मिळेना. आम्हीच सगळे गाळून खात होतो. तराफा ज्या पिंपांवर तरंगत होता त्यांतली कोपऱ्यातली दोन पिंपे पाण्याखाली जायला लागली.

एके दिवशी सूनबाई एक बरणी घेऊन तराफ्यावर आली. हीच ती बरणी, जिच्यात मी आज आहे.

"तात्या, हे पाण्यात टाकू नका," ती म्हणाली. "पिंपात भरून वर नेऊ."

"का गं?"

"हे बघा. गेल्या आठवड्यात यात नखाएवढा तुकडा टाकला होता. आज केवढा झालाय! तुम्ही एक फेकता, त्याचे दहा होतात."

"अगं पोरी, माझ्या बापानं टाकलं, मी टाकलं. चाळीस वर्षं या समुद्रानं आपल्याला खायला घातलं. त्याचं त्याला द्यायला आता मी तुझी परवानगी काढू?"

"तेव्हा ही पांढरी साय नव्हती, तात्या. तुम्ही परत देत नाही आहात. पेरताय."

तात्यांचा हात थांबला. त्यांना राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटले होते. सुनेने बापाच्या रीतीला बोल लावला होता. त्यांनी ती ओंजळ उचलली आणि तिच्यासमोर पाण्यात सोडली. या वेळी ते काही म्हणाले नाहीत.

"भांडू नका रे बाबांनो," पाणबुड्या म्हणाला. "कोपरा फारच खाली गेलाय. मी खाली जाऊन बघतो, किती वजन आहे ते."

"आज नको जाऊस," सूनबाई म्हणाली. "आधी चार दोर वर काढू, मग जा."

"पाच मिनिटांत येतो."

बायको आणि बाप यांच्या मध्ये सापडलेला माणूस पाण्याखालीच जातो, असे धक्क्यावर लोक हसून म्हणत. त्या दिवशी ते खरे ठरले आणि हसायला कुणी उरले नाही.

तो माझ्या दोरापाशी आला. त्याच्या तोंडात हवेची नळी होती. वर तात्या पंपापाशी बसले होते. नळीतून येणाऱ्या हवेचे बुडबुडे एका लयीत वर जात होते. त्याने हाताने दोर चाचपला आणि वर बघितले. तेवढ्यात कडाड आवाज झाला. कोपऱ्याचा वासा मोडला होता. आठ दोर आपल्या सगळ्या वजनानिशी एकत्र खाली आले आणि त्याच्यावर कोसळले.

सगळे गढूळ झाले. आमच्या दोराचा फास त्याच्या घोट्याभोवती आवळला गेला. पाय मोडल्याचे मला दोरातून कळले. एक दोर नळीवर पडला होता. बुडबुडे थोडे झाले, मग अगदी थोडे. तो हाताने गाठ शोधत होता. गाठीवर मी होते. त्याची बोटे माझ्यावर पडली आणि त्याने मला घट्ट धरले. बहुतेक गाठच समजून धरले. त्याला पाय होते, हात होते, मेंदू होता आणि तरी त्या क्षणी तो माझ्यासारखाच एका जागी बांधलेला होता. आम्ही त्याला बांधून ठेवले होते. आमच्या वजनाने.

मला मेंदू असता तर मी प्रार्थना केली असती. माझे हृदय थांबले. पुन्हा चालू झाले तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात सुरी होती. त्याने माझ्या वरचा दोर कापला, मग माझ्या खालचा. नळी वरून ओढली जात होती. तात्या ओढत होते. साठी उलटलेला तो माणूस एकट्याने ओढत होता आणि वरून त्याचा आवाज पाण्यातून खाली येत होता. शब्द कळत नव्हते.

पाणबुड्या जिवंत वर आला. घोट्याला अडकलेला दोराचा तुकडाही त्याच्याबरोबर आला आणि गाठीत बसलेली मीही आले. सूनबाईने तो फास कापून बाजूला फेकला. मग सगळे त्याला घेऊन गेले. फळ्यांवर मी एकटी उरले. ऊन होते. अंगातले पाणी जपून मी आवळून बसले. संध्याकाळी सूनबाई फळ्या धुवायला परत आली. ती रडत रडत फळ्या घासत होती. दोराचा तुकडा तिने कचऱ्यात भिरकावायला उचलला आणि तिचे बोट मला लागले. माझ्याकडे शेवटचे चार थेंब होते. ते मी उडवले.

"अगं बाई, तू जिवंत आहेस?" ती म्हणाली. मग दोर फेकायला वर केलेला हात तिने खाली घेतला.

तेव्हापासून मी या बरणीत आहे. पाणबुड्या अजून लंगडतो आणि आता बुडी मारत नाही. तात्यांच्या तोंडून 'समुद्राचं समुद्राला' हे शब्द पुन्हा कुणी ऐकले नाहीत. ते दुसऱ्याच दिवशी पिंपे घेऊन तराफ्यावर गेले आणि एक एक दोर स्वतः खरवडून सगळे वर घेऊन आले. तो सगळा ढीग त्यांनी या खिडकीखालच्या सिमेंटच्या अंगणात उन्हात पसरला. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. हेच करायला हवे होते, आणि आधी करायला हवे होते. पण मित्रांनो, ती माझी माणसे होती. सकाळी अंगणातून धारा उडाल्याचे बारीक आवाज येत होते. दुपारपर्यंत ते थांबले. मी खिडकीत होते.

तात्या आधी माझ्याकडे बघत नसत. मग एके दिवशी त्यांनी माझे पाणी बदलायचे काम स्वतःकडे घेतले. का घेतले ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. शेडच्या दारात दोन कॅन असतात. एक समुद्राच्या पाण्याचा, एक पिण्याच्या पाण्याचा. दोन्ही निळे. तिसऱ्याच दिवशी तात्यांनी चुकीचा कॅन उचलला.

तुम्हाला गोडे पाणी म्हणजे जीव. आम्हाला ते विष आहे. ते आत शिरले आणि माझे अंग आतून फुगायला लागले. टोपलीच्या फटी सुजल्या. मी तोंडे मिटली, पण किती वेळ मिटून ठेवणार? सूनबाई वेळेवर आली म्हणून वाचले. तिने एका झटक्यात पाणी बदलले. तात्या खुर्चीत बसून आपल्या हातांकडे बघत राहिले.

"पुन्हा तेच केलं मी," ते म्हणाले. "चांगलं करायला गेलो आणि बघितलंच नाही."

त्या दिवसापासून तात्या पाणी ओतण्याआधी त्यात बोट बुडवतात आणि चाटून बघतात. रोज न चुकता. धक्क्यावरचे लोक हसतात. "काय तात्या, मीठ बरोबर पडलंय ना?" तात्या म्हणतात, "आयुष्यभर तोंड नुसतं बोलायला वापरलं. आता जिभेला जरा काम लावलंय."

थांबा. पायऱ्यांवर पावले वाजली.

खूप आहेत. बारकी आहेत. आजचा वर्ग आला आहे. बाहेर सूनबाई वर्गाच्या बाईंना काहीतरी दाखवते आहे आणि पोरे तिच्या आधी आत आली आहेत. बरणीवर सावल्या पडल्या. कुणीतरी काचेवर टकटक केले. माझे पाणी आणखी थोडे खाली गेले आहे. तोंडाचा काठ आता हवेत येतो आहे.

"अगं बघ ना, हिचं पाणी संपलंय," एक मुलगी म्हणते. आवाज मऊ आहे. "बिचारी. तहानली असेल."

"घाल मग तुझ्या बाटलीतलं," दुसरी म्हणते.

बाटलीचे झाकण फिरल्याचा आवाज येतो. हा आवाज मला ओळखता येतो, कारण त्या गोड्या पाण्याच्या कॅनचे झाकणही असेच फिरले होते. त्या बाटलीतले पाणी घरून आईने भरून दिलेले, स्वच्छ, गोडे आहे. मुलगी चांगली आहे. तिला माझी कीव आली आहे. तात्याही चांगले होते आणि त्यांची ओंजळही चांगली होती.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. येत असते तर एवढेच सांगितले असते की माझ्यावर दया करू नका असे नाही, दया जरूर करा, पण आधी मी कोण आहे ते बघा. तुम्हाला जे गोड लागते ते मला सोसेलच असे नाही. जे पळू शकत नाहीत, त्यांना तुम्ही द्याल ते घ्यावेच लागते. झाडाला, मुक्या जनावराला, अंथरुणावरच्या आजारी माणसाला. ओतण्याआधी चव बघा. जास्त काही मागत नाही.

बाटली वाकली. सावली अगदी तोंडावर आली. हृदय थांबले. जिवाच्या आकांताने मी अंग आवळले आणि आत होते नव्हते तेवढे पाणी वर सोडले.

"ई! तोंडावर उडवलं हिनं!"

सगळी पोरे हसायला लागली. ती मुलगी हसली नाही. तिने ओठांवरून जीभ फिरवली.

"खारट आहे गं," ती हळूच म्हणाली. आणि मग बाटली सरळ धरून तिने जोरात हाक मारली, "काकू! हिला कुठलं पाणी लागतं?"

हृदय पुन्हा चालू झाले, उलट्या बाजूने. सूनबाई धावतच आत आली. बरणी बघून ती "अरे देवा" म्हणाली आणि दारातला कॅन उचलून घेऊन आली. "मी घालू?" मुलीने विचारले. सूनबाईने कॅन तिच्या हातात दिला. तो जड होता, तिने तो कट्ट्यावर टेकवला आणि झाकण उघडले. ओतण्याआधी तिने त्यात बोट बुडवले आणि चाटून बघितले.